अंगण वाकडं असलं तर?

किस्से गोळा करावे लागत नाहीत. हापिसचं दार उघडं ठेवलं की ते आपले आपण येतात, पंख्याखाली बसतात आणि चहा पिल्याशिवाय उठत नाहीत. आमच्याकडं तर हल्ली बसायला जागा राहिली नाही, इतके झालेत!

मी सुनंदा. झरीला आमच्या शेतकऱ्यांच्या कंपनीचं हापिस आहे, तिथं मदतीच्या टेबलावर बसते. कंपनीचं नाव सांगत नाही, उगं झंजट नको. कोण कुठं काय वाचेल, सांगता येतं का? कंपनी सोयाबीन घेते, तूर घेते. झरीला, जिंतूरला, ताडकळसला केंद्रं आहेत. मागच्या हंगामापासून सगळं ॲपवर आलं. नंबर लावायचा ॲपवर, माप चढवायचं ॲपवर, पावती ॲपवर. काही अडलं की लोक माझ्याकडं येतात, मी तक्रार पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांला पाठवते, आणि तिकडून उत्तर येतं. उत्तर एकच : 'युजर एरर. तक्रार बंद.'

आमचे नजीरमामू झरीच्या काट्यावर माप करतात. त्यांनी एकदा विचारलं, "ये युजर एरर क्या है, बेटा?"

म्हणलं, "वापरणाऱ्याची चूक, मामू."

"मतलब मशीन उनकी, गलती अपनी!" मामू म्हणले आणि परत मापाला लागले.

आता मी स्वभावानं संशयी. सासूबाई पाहुण्यारावळ्यांत सांगतात, "आमची सून पेढा बी फोडून बगते, मंग तोंडात टाकते." फोडल्यामुळंच एकदा त्यात मुंगळा सापडला होता, ते मात्र सांगत नाहीत! तर तेच ते उत्तर यायला लागल्यावर मला शंका आली. एक माणूस ठेचकाळला तर त्याच्या पायाकडं बघावं. गावच्या गाव एकाच जागी ठेचकाळायलंय, तर तिथं दगड आहे का ते बघायला नको?

मॅनेजर काळेसाहेबांला हे बोलले. साहेब म्हणले, "सुनंदाताई, नाचता येईना अंगण वाकडं!"

"पण साहेब, अंगण खरंच वाकडं असलं तर?"

साहेबांनी फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण ह्या हंगामात ताडकळसच्या रुक्मिणबाईवर बालंट आलं. रुक्मिणबाई तिथली ऑपरेटर. माप झालं की ॲपवर चढवायचं, हे तिचं काम. एका सकाळी माणिकराव नावाच्या शेतकऱ्याचं सोयाबीन दुसऱ्याच माणसाच्या नावावर चढलं, आणि तो दुसरा माणूस निघाला रुक्मिणबाईचा चुलत दीर! झालं. गावभर बोभाटा. पुण्याहून उत्तर आलं, युजर एरर. काळेसाहेब म्हणले, "एरर बरी नेमकी दिराच्याच नावावर झाली!"

माणिकरावाची नोंद दुरुस्त झाली. पण रुक्मिणबाईची आयडी बंद केली आणि चौकशी लावली. दोष निघाला तर तिची नोकरी जाणार. मी फोन केला तर ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणली, "ताई, नोकरी गेली तर कापूस वेचाया जाईन, हात हायेत मला. पन लोक म्हनतील, हिनं लोकाचं सोयाबीन खाल्लं. ते कुठं धुऊ?"

मला लय वाईट वाटलं. आणि रागही आला. त्या रागातच मी एकेक जुनी तक्रार आठवत बसले.

*

पहिले आठवले ज्ञानोबाकाका. नंबर लावायला ओटीपी लागतो. तो जातो नोंदणीतल्या मोबाईलवर, आणि नोंदणीच्या वेळी काकांनी लेकाचा नंबर दिलेला. त्यांचा लेक कैलास पुण्याला कंपनीत. शिफ्टमध्ये मोबाईल लॉकरमध्ये. इकडं काका माझ्या टेबलापुढं उभे, तिकडं ओटीपी लॉकरमध्ये, आणि आपण श्वास घेईपर्यंत ओटीपी शिळा होणार!

तक्रार पाठवली. उत्तर : 'ज्याचा मोबाईल आहे त्याने सोबत उपस्थित राहावे. युजर एरर.' मी ते काकांला जसंच्या तसं वाचून दाखवलं. काकांनी टोपी झटकली, घातली, गेले.

काही दिवसांनी सकाळी सकाळी हापिसच्या दारात जीप थांबली. काकांनी एका तरण्याबांड माणसाला दंडाला धरून आत आणलं, माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत दाबून बसवलं आणि म्हणले, "घ्या ताई. आख्खा ओटीपीच घेऊन आलो!"

*

मग पुण्याच्या लोकांला वाटलं, खेड्यातल्या बायांला टाइप करता येत नाही, बोलून भरायची सोय करू. केली. माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं. माझा काही विश्वास बसला नाही. बाईला बोलायला सांगता, बाई काय बोलेल हे कुणी विचारलं का?

जिंतूरच्या केंद्रावर गयाबाई म्हणून एक आजी आल्या. ॲपनं विचारलं, "पतीचे नाव बोला." आजींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. रांगेत पुरुषमाणसं. आजी कोपऱ्यात गेल्या, पदर पुढं ओढला, मोबाईल तोंडाशी धरला आणि म्हणल्या,

"राशीवर फोडला ओला नारळ, किसनरावांचं नाव घेते, नेटवर्क लय विरळ!"

ॲपनं बिचाऱ्यानं ऐकलं तसं लिहून घेतलं. नावाच्या रकान्यात आख्खा उखाणा! पावती तशीच छापून आली. पुण्याहून उत्तर : 'नाव मर्यादेपेक्षा मोठे आहे. युजर एरर.'

पावती दुरुस्त करून देऊ म्हणून मी आजींच्या घरी निरोप धाडला. तर किसनआजोबा स्वतः आले, पण पावती काही हातातून सोडेनात. डोळे बारीक करून मला म्हणले, "लग्नात समदे म्हनत व्हते नाव घे, नाव घे. तर ही लाजून आत पळाली. इतक्या वर्सांनी घेतलं, ते बी त्या मोबाईलपुढं! मला सांगा ताई, आसं काय हाय त्या मोबाईलमदी?"

*

मुंजाभाऊचा किस्सा तर अजून मिटलेला नाही.

ॲपला शेताचा फोटो लागतो, शेताच्या मधोमध उभं राहून काढलेला. मुंजाभाऊ आपल्या रानाच्या मधोमध उभा राहिला. ॲप म्हणलं, 'आपण शेताच्या बाहेर आहात.' मुंजाभाऊ चार पावलं सरकला. तरी बाहेर. अजून सरकला. सरकत सरकत बांध ओलांडला, शेजाऱ्याच्या तुरीत शिरला, आणि तिथं ॲपनं टिंग केलं : 'आपण शेतात आहात. फोटो काढा.'

हा शेजारी कोण? तर उद्धवराव! म्हणजे ज्याच्याशी मुंजाभाऊच्या आज्यापासून बांधाचं भांडण! मुंजाभाऊ फोटो काढून थेट गावात पारावर गेला आणि मोबाईल वर करून म्हणला, "बगा रे! म्या म्हनत न्हवतो? बांध तिकडंच हाय! मानूस खोटं बोलंल, मोबाईल बोलत न्हाई!"

उद्धवराव तणतणत माझ्याकडं. मी तक्रार पाठवली. उत्तर : 'मोबाईल योग्य प्रकारे धरला नाही. युजर एरर.' ते उद्धवरावांनी दोनदा वाचलं. मला वाटलं, आता हा माणूस वकील गाठतो. खुर्ची पुढं ओढून त्यांनी हळूच विचारलं, "ताई, ते ॲप माझ्या मोबाईलमदी बी टाका की. पलीकडच्या बाजूला पाटलाचं रान हाय."

*

काही किस्से एवढे एवढेच आहेत. अंगठा लावायचं मशीन आलं. कापूस वेचून बायांची बोटं फाटलेली, मशीन अंगठा घेईना. पुण्याहून सल्ला आला, हात स्वच्छ धुऊन यावे. एका बाईनं मशीनपुढं दोन्ही हात धरले आणि मला म्हणली, "घासून आले, चुलीची राख लावून आले. आता काय माहेराहून नवी बोटं मागवू?"

तिची मशीनची तक्रार पण बंद झाली.

*

आता ऐका, माझा संशय पक्का कशानं झाला ते.

महिन्याच्या मीटिंगला काळेसाहेब खुशीत होते. पुण्याहून रिपोट आला होता. रंगीत होता. त्यात लिहिलेलं, जवळजवळ सगळे शेतकरी ॲपवर अत्यंत समाधानी आहेत! साहेबांनी तो माझ्यापुढं टाकला. "बघा सुनंदाताई. तुम्हालाच तेवढा प्रॉब्लेम आहे."

मी बसले विचार करत. रोज माझ्या टेबलापुढं लोक शिव्या घालून जातात, ते कोणते? मग समाधानी आहेत ते कुठून येतात, कुणाच्या टेबलावर बसतात? माझं काही समाधान होईना. काट्यावर गेले आणि नजीरमामूंच्या मागं जाऊन गुपचूप उभी राहिले.

माप झालं. मामूंनी पावतीचं बटण दाबलं. पावती यायच्या आधी पडद्यावर मोठ्ठं पिवळं हसरं तोंड आलं, पार पावती झाकून. बाजूला बारीक बारीक रडकी तोंडं, ती बोटाखाली सापडणं मुश्कील. मामूंनी हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. तोंड गेलं, पावती आली.

"मामू, हे काय दाबलं?"

"पता नहीं बेटा. सबके लिए दबाता हूं. हंसे बगैर रसीद नहीं मिलती!"

*

आता शेवटचं. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी परभणीला गाडी बदलून ताडकळसला गेले. रुक्मिणबाईला म्हणलं, "बाई, मी कुणावरच विश्वास ठेवत नसते, तुमच्यावर बी नाही. मला रोज संध्याकाळी तुमी काय करता ते करून दाखवा."

तिनं दाखवलं. शेवटच्या शेतकऱ्याचं माप माझ्या आयडीवरून चढवलं. काट्याला हळदकुंकू लावलं, राशीला हात जोडले. मग टॅब फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायला निघाली.

"थांबा. टॅबवर ते मोठं बटण हाय, ते?"

तिथं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, 'समाप्त'. दिवसभर पुढच्या शेतकऱ्याचं नाव घेतलं की आधीच्याचं खातं आपोआप मिटतं. पण दिवसाच्या शेवटच्या माणसाचं खातं 'समाप्त' दाबल्याशिवाय मिटत नाही.

रुक्मिणबाई मागं सरकली. "अगं माय! राशीपुढं कुनी आसं म्हनतं का? ताई, घरात दाना संपला तरी आपन संपला म्हनत न्हाई. वाढला म्हनतो. दुकान बंद करत न्हाईत, वाढवतात. बांगडी फुटत न्हाई, वाढती. आन मी दिवेलागनीला, लोकाच्या घामाच्या मालावर 'समाप्त' म्हनू? लक्ष्मी ऱ्हाईल का त्यायच्या घरात?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बटण दाबलं नाही म्हणून शेवटच्या माणसाचं खातं रात्रभर उघडं. सकाळी टॅब उघडला की नाव न विचारताच तेच खातं समोर, आणि वर त्या माणसाचं नाव फिक्या, बारीक अक्षरात. उघड्या आवारात, उन्हात ते कुणाच्या बापाला दिसत नाही! सकाळच्या गर्दीत नवं नाव घ्यायचं राहिलं, की पहिलं माप जातं त्याच्यात. माणिकराव सकाळी पहिला आला, म्हणून त्याचं सोयाबीन तिथं चढलं.

"आन आदल्या दिवशी शेवटी नेमका तुमचा दीर कसा?"

"तो कुठं बी शेवटीच येतो की. सवताच्या लग्नाला बी उशिरा आला व्हता!"

मी तिथूनच जिंतूरच्या ऑपरेटरला फोन लावला. चांगला शिकलेला पोरगा, कंप्युटरचा कोर्स केलेला. "भाऊ, संध्याकाळी तुमी 'समाप्त' दाबता का?"

तो दचकलाच. "ताई, दिवेलागणीला असलं अभद्र कामून बोलायलाव?"

दुसऱ्या दिवशी चौकशीला काळेसाहेब आले, आणि पुण्याहून अथर्व आला. अथर्व म्हणजे आमच्या तक्रारी बंद करणारा. मला वाटलं होतं कुणी राक्षस असेल, तर गोरंगोमटं, चष्मा घातलेलं लेकरू! पाठीला बॅग. राशीपाशी चप्पल-बूट काढून यायचं असतं, हे सांगायच्या आधीच त्यानं दारात बूट काढले. तरी मी त्याच्याकडं संशयानंच बघत होते.

मी सगळं सांगितलं. अथर्वनं शांतपणे ऐकलं आणि म्हणला, "मॅडम, बटण आहे. मोठं आहे. मराठीत आहे. अजून काय करायचं? हे बघा, इतकं सोपं," म्हणून त्यानं टॅब घेतला आणि माल घालायला बसलेल्या लोकांदेखत 'समाप्त' दाबलं. टॅबमधून बाईचा आवाज आला, "समाप्त."

अंगणातले लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग एक म्हातारा उठला आणि आपलं पोतं खांद्यावर घ्यायला लागला. "चला रे. दुसरीकडं घालू माल."

काळेसाहेब धावले, त्याला कसंबसं बसवलं. पण चौकशी काही बदलली नाही. साहेब म्हणले, "रुक्मिणबाई, तुमची भावना कळते. पण कागदावर भावना चालत नाही." अथर्वनं लॅपटॉपवर रिपोट टाइप केला आणि वाचून दाखवला : बटण स्पष्ट होते, ऑपरेटर रुक्मिणबाई यांनी ते दाबले नाही, युजर एरर. साहेबांनी मान डोलावली. मला रडू फुटायचं बाकी होतं. रुक्मिणबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं काही हात जोडले नाहीत की विनवणी केली नाही.

अथर्वनं लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला, दारात जाऊन बूट चढवले आणि वळून चांगल्या संस्कारातल्या पोरासारखं म्हणला, "बरं मावशी, येतो."

"परत कवा येनार?" रुक्मिणबाईनं विचारलं.

"परत? नाही मावशी. आता इकडं यायचं काही काम नाही."

"मंग 'जातो' म्हना की."

अथर्व उंबऱ्यात उभा राहिला. तोंड उघडलं. मिटलं. रुक्मिणबाईकडं बघितलं, काळेसाहेबांकडं बघितलं. साहेब जमिनीकडं बघत होते.

"गाडी थांबलीय बाहेर," साहेब म्हणले.

अथर्वनं खाली बसून बूट काढले. आत आला, बॅगेतून लॅपटॉप काढला, उघडला आणि मांडी घालून राशीपाशी बसला.

"मावशी, मग काय लिहू त्या बटणावर?"

"आदी त्या रिपोटातून माझं नाव काढा," रुक्मिणबाई म्हणली. "मंग सांगते."